डॉक्टरांची बॅग
ऑइलपेंटचा वास आला की मला आमच्या गावच्या आरोग्य केंद्राचं उद्घाटन आठवतं. गुहागरच्या बाजूचं आमचं गाव, चिऱ्याची नवी इमारत, दारांचा रंग अजून हाताला चिकटत होता. इतकी वर्षं रिकामी असलेली डॉक्टरची जागा सरकारने भरली, असं उद्घाटनाला आलेले जिल्ह्याचे साहेब भाषणात म्हणाले. शेजारी तरुण डॉक्टर उभे होते, गळ्यात झेंडूचा हार. मग गुरवाने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो डाक्टर कायमचा हितंच ऱ्हाऊंदे!" सगळा गाव एका सुरात ओरडला, "व्हय म्हाराजा!" डॉक्टरांचेही ओठ हलले. गर्दी पांगताना आईने त्यांना गाठलं. "आमच्या ह्यांच्या छातीत दुकतंय. उद्या घेऊन येऊ काय?" ते खाली बघत म्हणाले, "उद्या नको, आत्ताच आणा." आईला त्यांच्या माणुसकीचं कौतुक वाटलं, पण कार्याच्या दिवशी नव्या माणसाला कशाला त्रास, म्हणून ती तशीच परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना रिक्षातून नेलं, तर डॉक्टरांच्या खोलीला कुलूप. "त्यांना उद्घाटनापुरतं दुसऱ्या केंद्रातून आणलं होतं," नर्सबाई म्हणाल्या, "बॅगसुद्धा जीपमधून उतरवली नव्हती." चिपळूणच्या वाटेवर, रिक्षातच बाबा गेले. परवा त्याच दारांना पुन्हा रंग लागला, नवे डॉक्टर आले, गाऱ्हाणं झालं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी मात्र मागे उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीत डोकावून बघत होतो, बॅग आतच आहे का.