पाववालीचा पोळा

ती मोटार आजही कधी दुपारच्या डुलकीत माझ्यासमोरून जाते. जाताना इंजिनाचा आवाज येत नाही, घुंगरांचा येतो. पोलीस खात्यात उमेदीची वर्षे घातलेल्या माणसाने असली स्वप्ने पाहू नयेत, हे मला मान्य आहे. पण गुडघ्याने मला पन्नाशीच्या आतच पेन्शनीत ढकलले, आणि स्वप्नांची जबानी घ्यायला आता कुणी वरिष्ठ येत नाही. तेव्हा सांगूनच टाकतो. नावे मात्र कुणाचीही घेणार नाही.

मी तेव्हा नागपूरच्या इतवारीकडे ठाणेदार होतो. पोळ्याचा आदला दिवस होता. ठाण्यात सकाळची हजेरी झाली होती, रोजनामचा उघडला होता आणि आमचे हवालदार बशीत ओतलेल्या चहावर फुंकर मारत होते. एवढ्यात तिशीचा एक माणूस धावत आत आला. एका पायात वहाण होती, दुसऱ्या पायात चिखल.

"साहेब, आमची पाववाली गेली!"

हवालदारांनी बशीतून डोके वर न काढता विचारले, "कोनासंग?"

पाववाली म्हणजे बाई नव्हे, मोटार. इतवारीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. हवालदार मात्र नुकतेच बदलून आले होते. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांना पाव पोचवणारी एक छोटी बंद मालमोटार एका बेकरीवाल्याने विकायला काढली होती. ती या माणसाने आणि त्याच्या सासऱ्याने भागीत घेतली. सासरा जन्माचा गाडीवान. मोटारीसाठी त्याने आपली बैलजोडी विकली.

मोटार पाहायला म्हातारा गेला तो बैलबाजारात जावे तसा. त्याने आधी समोरची जाळी बोटाने उघडून पाहिली, दात मोजावेत तशी. मग चारही टायरांवर मुठी मारल्या, खूर तपासावेत तशा. शेवटी म्हणाला, "आता इले जरा चालवून दाखवा. चाल पाह्याची आहे." बेकरीवाल्याने हँडल मारले, मोटार फाटकापर्यंत जाऊन आली आणि म्हातारा मागे उकिडवा बसून तिच्या मागच्या चाकांकडे बघत राहिला. "उजव्या पायानं जराशी लंगडते," तो म्हणाला, "पन नजर गरीब आहे. घेऊन टाकू, जवाईबापू."

तेव्हापासून जावई ती हाकी आणि म्हातारा तिची निगा राखी. रोज संध्याकाळी तो तिला पाणी पाजी, सांध्यासांध्यांत वंगण भरी आणि जाताना टपावर थाप मारी. इतवारीतून मौद्याच्या बाजाराला कापड जावो की भांडी, सगळ्या मालाला आठ दिवस पावाचा वास यायचा.

तर ही पाववाली पहाटेच, रात्री उभी राही त्या छपरीतून, नाहीशी झाली होती. फिर्याद लिहून घेतली आणि जागेवर गेलो. छपरीशेजारी धान्याचे गोदाम होते. तिथल्या चौकीदाराला मी विचारले, "मोटार सुरू झाल्याचं ऐकलं?"

"नाही जी."

समोरच्या तेल्याने नाही ऐकली. दूधवाल्याने नाही ऐकली. पाववालीचे हँडल मारले की अख्खी गल्ली शिव्या देत उठायची, आणि त्या पहाटे गल्लीत चिडीचूप होती. हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, मोटार धुक्यात विरघळली म्हनून लिहू का?"

दुपारी आमचा एक खबऱ्या, पेशाने पानवाला, पान लावता लावता बोलला. फिर्यादी जावई दोन दिवसांपूर्वी कामठीला जुन्या मोटारींच्या कबाड्याशी घासाघीस करत होता. झाले! हवालदारांचे डोळे चमकले. भागीची मोटार एकाने परस्पर फुंकायची आणि वर चोरीची फिर्याद द्यायची, हे प्रकार आम्हाला नवे नव्हते. मी जावयाला समोर बसवले.

"कामठीला कशाला गेला होतास?"

"टायर पाहाले, साहेब. मागचं टायर पोटातून फुगून राहिलं."

"सासरे कुठे आहेत?"

"गावाले गेले असन. पोळ्याले."

"कोणत्या गावाला? कधी गेले?"

तो जमिनीकडे पाहू लागला. इथे मला काहीतरी टोचले. खोटे बोलणारा माणूस तुमच्या डोळ्यांत पाहतो, कारण त्याला तुमचा विश्वास बसलेला पाहायचा असतो. हा पाहत नव्हता. हा लाजत होता. आणि नागपूरकर चोरीचा आळ एक वेळ सोसेल, पण घरातले भांडण ठाण्यात सांगणार नाही. मी काहीही विचारले तरी तो "आमचं सगळं चांगलं आहे, साहेब," एवढेच म्हणे. असे लोक स्वतःच्या हाताने कोठडीत जाऊन बसतात. हवालदारांनी तर किल्ल्या काढून ठेवल्या होत्या.

किल्ल्या तशाच राहिल्या, कारण तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. ठाण्यात येणाऱ्या बायका सहसा दारातूनच रडायला लागतात. ही दारातूनच भांडायला लागली.

"माह्या नवऱ्याले कोंडून ठेवलं काहून? ज्याची मोटार गेली त्यालेच धरता? उद्या माही गाय हरवली तं मलेच खुट्याले बांधसान का?"

"बस वं बाई," हवालदार म्हणाले, "कोंडलं नाही अजून."

मी विचारले, "तुझे वडील कुठे आहेत?"

"बाबा? सकाळीच गेले ना, बैलं घेऊन."

मी लेखणी खाली ठेवली.

"कोणते बैल? बैल तर विकले होते."

"तेच विकलेले. कालच मागून आनले होते. बाबाच्या दारी बांधले होते, मी पाह्यले. म्हटलं कायले आनले, तं म्हनते, घरचं एक जनावर न्याचं आहे."

जावयाने कपाळावर हात मारला. मी टोपी उचलली.

छपरीसमोरचा चिखल आम्ही सकाळीही पाहिला होता. टायरांच्या दोन रेघा गल्लीबाहेर गेल्या होत्या, आणि त्या रेघांच्या मधोमध, नक्षी काढावी तसे, खूर उमटले होते. पण इतवारीत खुराच्या ठशांकडे कोण बघतो? मी पुन्हा चौकीदाराला गाठले.

"मोटार ऐकली नाहीस. पाहिली होतीस का?"

"पाह्यली ना जी! बैल वढून राहिले होते. बुढा आत बसला होता, समोरच्या काचेतून कासरे बाहेर काढून. बिघडली असन म्हटलं."

"मग सकाळी सांगितलं काहून नाही?"

"तुमी ऐकली का, म्हनून विचारलं."

त्या काळी बंद पडलेली मोटार बैलांनी ओढून नेणे इतके रोजचे होते की निम्म्या इतवारीने चोरी पाहिली आणि एकालाही ती दिसली नाही.

आम्ही टांगा केला. मी, हवालदार आणि ते नवराबायको. भंडाऱ्याच्या वाटेने पारडी मागे टाकली तेव्हा ऊन कलले होते. ज्या शेतकऱ्याने बैल घेतले होते त्याचे खेडे थोड्याच अंतरावर होते. गावाबाहेर तळे होते, आणि तळ्याच्या काठी मी जे पाहिले ते पंचनाम्यात नीट लिहिता आले नाही.

सूर्य पाण्यात विरघळत होता. गावचे बैल धुऊन काठावर उभे होते, अंगावरून वाफ निघत होती. त्यांच्या रांगेत, शेवटच्या जोडीशेजारी, पाववाली उभी. घासून घासून तिचा रंग उजळला होता आणि बेकरीची पुसट अक्षरे पुन्हा वर आली होती. दिव्यांखालून पाणी ओघळत होते, नुकती रडून थांबल्यासारखे. नाकावर झेंडूची माळ. म्हातारा पळसाचे पान तूपहळदीत बुडवून तिच्या पुढच्या चाकांवरच्या पत्र्याला चोळत होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे असे मळतात, आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांच्या कानात आवतण देतात. मोटारीचा खांदा कुठे, हा प्रश्न त्याने सोडवला होता. कानाचाही सोडवला. आमच्या देखत तो वाकला आणि भोंग्यात तोंड घालून हळूच काहीतरी बोलला. हवालदारांनी, का कोण जाणे, टोपी काढली.

"काका," मी म्हणालो, "ही मोटार चोरीला गेल्याची फिर्याद आहे."

म्हातारा जावयाकडे वळला. "फिर्याद? घरचं जनावर सनाले गावी आनलं, तं तुमी पोलिसात गेले, जवाईबापू?"

"मामाजी, मोटार आहे ते! तिले कायचा सन?"

"बैल इकून आनली ना? मंग बैलाच्या जागी आली का नाही? वरीसभर वढते बिचारी. अन् तुमी पोळ्याच्या दिवशी तिले फेरीले जुपनार होते. मी असतानी!"

"फेरी कायची ते तं ऐकाचं होतं," जावई म्हणाला. "सुताराचे लाकडी नंदी होते, मौद्याले पोचवाचे. परवा तान्हा पोळा आहे. लेकरं काय वढतीन, रिकामी दोरी?"

वाचकांपैकी जे नागपूरकडचे नसतील त्यांना सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुले रस्त्याने ओढत नेतात. मोठ्यांना दिवाळीचे नसेल एवढे अप्रूप त्यांना त्या दिवसाचे असते.

म्हाताऱ्याच्या हातातले पळसाचे पान खाली पडले. "नंदी होते?" तो म्हणाला. "नंदी होते, अन् मी..." मग एकदम ओरडला, "हँडल मारा गा कोनी!"

जावयाने मारले. हवालदारांनी मारले. पाववाली हूं का चूं करेना. म्हाताऱ्याने तिला तळ्यात टपापर्यंत न्हाऊ घातले होते, आणि इंजिनावरचे झाकण उघडून पोटातूनही धुतले होते. आणि खांदे मळून झाल्यावर, आता पोळा सरेपर्यंत गावात एकाही बैलाच्या मानेवर जू चढणार नव्हते. म्हातारा मोटारीच्या पायरीवर टेकला आणि पदर नसलेल्या माणसाने तोंड लपवावे तसे उपरण्यात लपवून बसला.

लेक त्याच्यापाशी गेली. "उठा बाबा. रडून सुकते का ते?" आणि नवऱ्याला म्हणाली, "याच्यातलं काय काय निघते ते काढून द्या मले."

पोळ्याच्या दिवशी त्या शेतकऱ्याच्या चुलीवर एका बाजूला पुरणपोळी भाजली गेली आणि तव्याच्या कडेला मोटारीचे चार प्लग शेकले गेले. पाववाली दिवसभर निंबाखाली झाकण उघडून उभी होती, रवंथ करत असल्यासारखी. जावई जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी तिची एकेक तार पुसत होता. म्हातारा वारा घालत होता. हे मला नंतर कळले. पण मी ते इतक्या वेळा मनात पाहिले आहे की मी तिथे नव्हतो, हे आता मलाच खरे वाटत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी पंच घेऊन मोटारीचा ताबा लिहून द्यायला गेलो. जावयाने हँडल मारले. खोकला आला, गेला. पुन्हा मारले. काही नाही. म्हातारा पुढे झाला, भोंग्यापाशी वाकला, दोन शब्द बोलला आणि बाजूला झाला. तिसऱ्या हँडलला पाववाली सुरू झाली. कारण काय ते मी सांगत नाही. घटनाक्रम सांगतो.

प्लगांना लागलेल्या तुपाचा धूर निघाला. पाव आणि पुरण एकत्र भाजल्यासारखा वास सुटला. ती इतवारीत गेली, नंदी भरले आणि दुपार उलटण्याआधी मौद्याला पोचली. म्हातारा पुढे बसला होता, मांडीवर एक नंदी घेऊन.

प्रकरण मी बंद केले: माल मालकाच्याच ताब्यात, फिर्यादीचा गैरसमज, गुन्हा घडला नाही. माल हलवण्याचे कारण काय लिहू, असे हवालदारांनी विचारले. मी सांगितले, लिहा, सणानिमित्त.

चोरीच्या तपासात आम्हाला पहिला प्रश्न शिकवतात: वस्तू गेल्याने फायदा कोणाचा? त्या पोळ्यापासून मी दुसराही विचारू लागलो: वस्तूवर माया कोणाची? पुढे कितीतरी हरवलेल्या गोष्टी मला त्याच प्रश्नाने सापडल्या. काही माणसेसुद्धा.

त्या घरात मग रीतच पडली. पोळ्याच्या आदल्या दिवशी जावई मोटारीचे तेल बदलायचा, ब्रेक कसायचा, सगळे सांधे वंगणाने भरायचा, आणि सणाला ती उभी राहायची. इतवारीत पुढे आणखी मोटारी आल्या आणि भंगारात गेल्या. पाववाली चालत राहिली. तिच्यात बसून मौद्याला मी कधीच गेलो नाही. पण डुलकी लागली की घुंगरे वाजतात, समोरच्या काचेतून कासरे बाहेर येतात आणि म्हातारा जागा करून देत म्हणतो, "बसा ठाणेदार साहेब, वाटेतच आहे तुमचं घर."