एकच लाल शेरा

नील, तुझा पडलेला पहिला दात मला लागोपाठ तीन रविवार दिसला नाही, म्हणून मी सगळ्या इमारतीची झडती घेतली.

झालं असं. रविवारी डोंबिवलीत सकाळचे अकरा वाजले की तुम्ही मेलबर्नहून फोन लावता. तू म्हणायचास, "आजी, हे बघ," आणि आ करायचास. नेमका तेव्हाच पडदा गोठायचा. (कधी नुसता घसा, कधी नुसतं नाक. दात, म्हणजे दात नसलेली जागा, कधीच नाही.) तिसऱ्या रविवारी तुझी ताई इरा म्हणाली, "आजी, लवकर बघ गं, खालून नवा दात यायला लागलाय."

म्हणजे वेळ थोडा होता. इराच्या मते आपलं वायफाय कोणीतरी वापरत असणार. तिने माझ्या फोनवर एक ॲप घ्यायला लावलं. आसपासची सगळी वायफाय त्यात दिसतात. नावापुढे कुलूप असेल ते सुरक्षित, नसेल ते उघडं.

"कोणाच्या नेटमध्ये शिरायचं नाही हं आजी, नुसतं बघायचं."

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. नुसतं बघून काय काय करता येतं, हे मला कोणी सांगायला नको.

सोमवारी वही आणि दोन पेनं घेऊन मी जिने चढले. कुलूपवाले निळ्याने, उघडे लाल. आपल्या आडनावाच्या नेटपुढे कुलूप होतं. तेव्हा दोष आपला नव्हता. आता दुसऱ्यांचा शोधायला मी मोकळी झाले. एकोणीस निळे निघाले आणि एकच लाल: 'वेलकम'. दार उघडं, आणि वर स्वागत!

मी खाली फळ्यावर सूचना लावली: 'या इमारतीतील एका बेजबाबदार कुटुंबाने आपले वायफाय सताड उघडे ठेवले आहे. त्यांनी ते त्वरित बंद करावे.' खाली सही.

दुसऱ्या मजल्यावरचे कारखानीस कळवळून वर आले. "काकू, कशाला बंद करायला लावता? आमचं बिघडल्यापासून पोरं त्याच्यावरच आहेत. कोणीतरी देवमाणूस आहे."

"देवमाणूस कसला, बावळट आहे," मी म्हटलं. माझ्यामागे उभे असलेले आजोबा एकदम आत गेले.

पुढच्या रविवारी अकराला पाच मिनिटं असताना मी 'वेलकम'चा माग काढत निघाले. तळमजल्यावर सिग्नलची एक रेघ, दुसऱ्यावर दोन, आणि आपल्या तिसऱ्या मजल्यावर सगळ्या. आपल्याच दाराबाहेर पायरीवर हिराबाई बसली होती. (तुम्हाला पापलेट निवडून देणारी कोळीण.) शेजारी टोपली, हातात फोन.

"हिराबाई, हे नेट कोणाचं?"

"तुमचंच की वयनी. दादांनी लावून दिलंय. म्हनले, अकराला बस, तवा वयनी पन फोनवर असतात, त्यांना कलनार नाय."

दादा, म्हणजे तुमचे आजोबा, दाराआडून म्हणाले, "अगं, तिची लेक मस्कतला. नातीला तिने अजून हातातही घेतलेलं नाही. पासवर्ड कुठे टाकत बसणार ती? दिवाळीत आपल्या नेटवाल्या बाळूने पाहुण्यांसाठी वेगळं नेट काढून दिलं होतं, त्याचं कुलूप मी काढलं."

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात हिराबाईने फोन माझ्यापुढे धरला. "बगा वयनी, कशी हसते."

नातीच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि अगदी स्पष्ट दिसत होतं.



त्याच दिवशी कुलूप लावलं आणि हिराबाईच्या फोनमध्ये पासवर्ड स्वतः टाकून दिला. आता तिची वेळ साडेदहा, पायरीवर नाही, आतल्या खुर्चीत, चहासकट. तुमची अकरा. काल ती मुद्दाम थांबली होती. तू आ केलास आणि आम्ही दोघींनी खिंडारही पाहिलं आणि त्यातून डोकावणारं तांदळाच्या कणीएवढं नवं टोकही.

फळ्यावरची सूचना मात्र अजून तशीच आहे. काढायला गेले तर कारण सांगावं लागेल. परवा कारखानिसांनी तिच्याखाली लिहिलं, 'सापडले का ते कुटुंब?'

मी लाल पेनाने उत्तर दिलं, 'तपास चालू आहे,' आणि खाली सही केली.