धाकटीनं आधी उचलायचं

माझी धाकटी बहीण माझीच जाऊ होऊन आली. एकाच मांडवात आम्हा दोघींची लग्नं झाली, दोघा भावांशी. लोक म्हणायचे, बहिणी-बहिणी एका घरात, केवढं सुख! म्हणणाऱ्यांना धाकटी बहीण नसावी.

मला तिचा हेवा वाटायचा. रूपाचा नव्हे, रूपानं आम्ही दोघी सारख्याच बेताच्या. तिला चटकन ठरवता यायचं, त्याचा हेवा. कासार दारात आला की ती हात पुढं करायची, "ह्या भरा," म्हणायची आणि उठून कामाला लागायची. मी सगळ्या बांगड्या खालीवर करायची, उन्हात धरून बघायची, कासाराला एकदा पाणी द्यायची, परत एकदा द्यायची. शेवटी म्हणायची, "तिला भरल्या तशाच भरा." तोवर त्या संपलेल्या असायच्या.

सासरे लिंगपूजा आटोपून ओसरीवर बसले की हे सगळं बघायचे. "धाकटी झटक्यात फैसला करती," म्हणायचे, "अन् थोरली अजून इचारच करायलीय." पाहुण्यांना काय करायचं, कुणाला काय आहेर द्यायचा, हे हळूहळू तिलाच विचारायला लागले. थोरली मी, आणि विचारायचं तिला! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी मनाची समजूत घालायची की मी खोल विचार करते म्हणून मला वेळ लागतो. पुढं नीट बघितलं तेव्हा कळलं, मी विचार करतच नव्हते. मी तिच्या हाताकडं बघत होते. तिनं हात लावला ते चांगलं, आणि ते मला मिळालं नाही म्हणून आणखीच चांगलं. माझं डोकं असंच चालतं. पण कळलं म्हणून हेवा थोडाच जातो?

त्या घरात तिच्या हाताकडं न बघता मी पसंत केलेलं एकच होतं, आमची म्हैस. ती वगार असतानाच तिची आई मेली. हिचं काही खरं नाही असं सगळे म्हणाले. मी दुधात बोट बुडवून तिला चोखायला लावलं आणि जगवली. पुढं ती व्याली आणि माझ्या हाताला पान्हा सोडायला लागली. बहिणीच्या हातालाही सोडायची. जनावराला तेवढी अक्कल नसते.

पोलीस ॲक्शनच्या आधीची गोष्ट. माझ्या दिरानं मानवतला दुकान टाकायचं ठरवलं. दोघं तिकडं बिऱ्हाड करणार होती. शेत एकत्रच राहणार होतं. भांडीकुंडी आणि म्हैस तेवढी वाटायची. बहीण बोलून गेली, "तिथं दूध इकत घ्यायचं का रोज? म्हैस नेलेली बरी."

वाटणीची रीत अशी, की थोरलीनं दोन वाटे घालायचे आणि धाकटीनं त्यातला एक आधी उचलायचा. म्हणजे थोरलीला लबाडी करता येत नाही. असं पुरुषांना वाटतं.

मी आदल्या दिवशी चिंच आणि राख घेऊन बसले. तांब्याचा मोठा हंडा, पितळेची परात, समई, तांबे, सगळं घासून असं लखलखीत केलं की डोळे दिपावेत. तो एक वाटा. दुसऱ्यात काळी कढई, चेंबलेली घागर, झिजलेलं जातं आणि म्हैस. म्हशीच्या नावानं तिचं दावं ठेवलं, तेही घोंगडीखाली अर्धं झाकून. तेव्हा ती आटलेली होती. ती परत गाभण राहते की नाही देव जाणे, असं मी चार जणांत दोनतीनदा म्हणून ठेवलं. एवढा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता.

सासरे म्हणाले, "उचल गं, धाकटे."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि हंड्यावर हात ठेवला. झालं.

मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडले. मला रडूच आलं. पण तो आनंद जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला. चुडाव्याच्या स्टेशनला जायला बैलगाडी जुंपली, सामान चढलं, आणि वर तो हंडा उन्हात चमकायला लागला. तो मला कधीच नको होता. आता मात्र त्याच्यावरून नजर हटेना.

बहीण पाया पडायला आली. हळूच म्हणाली, "अक्का, म्हशीला जप बरं. मघाशी तू दाव्याकडं एकदाबी बघितलं न्हाईस. तवाच मला कळलं, तुला तीच पायजे. म्हणून हंडा उचलला. न्हाईतर मला म्हैसच पायजे होती."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. पण तोंडातून निघालं, "मग हंडापण ठेवून जा."

ती हसली. एक क्षणही घेतला नाही तिनं. गाडीवानाला म्हणाली, "मामा, हंडा उतरवा खाली. आमच्या अक्काला पायजे."

हंडा माझ्या पायाशी आला. म्हैस गोठ्यात होती. दोन्ही माझं. गाडी निघाली, आणि मी बघत राहिले ती कशी बसली आहे ते, मोकळ्या हातांनी, पाय खाली सोडून, कुणाशीतरी हसत. तसं बसायला मिळावं म्हणून मी दोन्ही देऊन टाकलं असतं.