पहिला फोन

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीची सभा. हजर: अध्यक्ष, खजिनदार, सेक्रेटरी म्हणून मी, आणि चौथ्या मजल्यावरचे राव.

चाकणच्या कंपनीतर्फे ते हेलिकॉप्टरच्या चाचण्यांना समुद्रावर जातात. वारा किती आणि जहाज किती डोलत असताना त्यावर उतरता येईल, हे स्वतः आत बसून मोजतात. घरी आले की उतारावर लावलेली स्कूटर आधी डावी-उजवी हलवून बघतात, मगच वर जातात. ‘सुरक्षित’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

अध्यक्षांनी विचारलं, “गच्चीवरचा मांडव टिकेल ना, राव?”

“किती वाऱ्यात, ते सांगा.”

“वादळच धरा,” खजिनदार म्हणाले. सगळे हसले, तेही.

सभेनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. “ताई, उद्या निघतोय. या वेळी खवळलेल्या समुद्रात जहाजावर उतरायचंय. काही झालंच तर कंपनीचा पहिला फोन तुम्हाला येईल, तुमचा नंबर दिलाय. हिला फोनवर कळायला नको, तुम्ही समोर बसून सांगा.”

मी हो म्हटलं.

तेव्हापासून मोबाइल वाजला की आधी नंबर कुणाचा ते बघते. त्यांची बायको जिन्यात भेटते, म्हणते, “काही झालं तर कंपनी मलाच कळवेल ना, ताई?”

तिला खरं सांगायचं अजून राहिलंय.