माझ्या वाट्याचं मडकं

बडोद्याला निघायच्या सकाळी आईने माझ्या मांडीवर मटणाचं मडकं ठेवलं आणि मगच गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं. अंगावर नवं लुगडं, हातात हिरवा चुडा आणि मांडीवर हे मडकं. सासरी निघालेल्या पोरीने वेशीपर्यंत ओक्साबोक्शी रडावं अशी आमच्याकडची रीत. मला तेवढीही सोय ठेवली नव्हती. हुंदका दिला की मडकं हलायचं आणि मागून चालणारी आई ओरडायची, "थर मोडू नको गं!" निरोपाचं तिचं बोलणं एवढंच. जपून राहा नाही, नवऱ्याचं ऐक नाही. थर मोडू नको.

तुम्ही पोरं, म्हणजे माझ्या सर्जाची मुलं, गावाकडून विचारत असता की आत्या बडोद्यात एवढी रमली कशी, माहेरची आठवण येत नाही का. आता तुमच्यातलाच एकजण नोकरीसाठी इकडे यायचं म्हणतो. येणाऱ्यालाही आणि मागे राहणाऱ्यांनाही हे एकदा सांगून ठेवते. लिहायला मी इकडेच शिकले, लेकीच्या पाटीवर, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुमची आजी मटण टिकवायची ते असं. थेंबभर पाणी न घालता ते त्याच्याच चरबीत शिजवायचं. मीठ सढळ, हळद, तिखट, भाजलेलं खोबरं. शिजलं की वर चरबी येते, ती बोटभर गोठू द्यायची. त्या थराखाली मटण निजतं, असं ती म्हणायची. रोज एक उकळी द्यायची आणि पुन्हा निजवायचं, म्हणजे आठवडाभर त्याला काही होत नाही. जोडीला ज्वारीच्या भाकरी, तव्यावर कडक करून वर उन्हात वाळवलेल्या. टिचकी मारली की वाजली पाहिजे, नाही वाजली तर पुन्हा उन्हात. आमच्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ना कुणाच्या लष्करात, त्यामुळे शिदोरी बांधायला आमच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नसे.

तुमचे आतोबा बडोदे सरकारच्या पागेत, घोडदळात होते. शिपायांच्या लाईनीत खोली रिकामी नव्हती म्हणून लहरीपुऱ्याच्या दरवाजाच्या आत हिराबांच्या घरी आम्ही भाड्याने राहिलो. हिराबा विधवा, एकट्या, गळ्यात तुळशीची माळ. पहिल्याच दिवशी त्यांनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "जो वहू, मारा घरमां मांस रंधाशे नहि." मला गुजराती कळत नव्हतं, पण हे बरोबर कळलं. येताना आणलेलं मडकं वाटेतच संपलं होतं म्हणून वाचले. पुढे कधी बेत झालाच तर तो लाईनीतल्या कुणाच्या चुलीवर व्हायचा आणि तिथेच खाऊन, हात धुऊन, तोंडात बडीशेप टाकून आम्ही घरी यायचो. हिराबांना कळत नसेल असं नाही.

आता वाट्याचं सांगते. चैत्री पुनवेला आपल्या भैरोबाची जत्रा. बकरं पडलं की घरातल्या प्रत्येकाचा वाटा निघतो. जो नोकरीवर लांब असेल त्याचाही निघतो. त्याचा वाटा मडक्यात, थराखाली, आणि त्या बाजूला जाणारा कुणी मिळाला तर त्याच्या हाती. सासरी गेलेल्या लेकीचा मात्र वाटा नसतो, ती नवऱ्याच्या देवाची झालेली असते. माझं लग्न झाल्यावर आईने तरीही माझा वाटा काढला. चुलते म्हणाले, लेकीचा कुठं काढतात का? आई म्हणाली, "लांब गेलेल्याचा काढत्यात ना? मग ती लांबच गेलीया." ती वादात पडत नसे, एवढं बोलून कामाला लागे. पहिली काही वर्षं बडोद्याकडे जाणारा कुणी मिळाला नाही. आई माझं मडकं रोज उकळून ठेवायची, वाट बघायची आणि शेवटी भिकाऱ्याला वाढायची. हे मला कुणाकुणाच्या निरोपातून कळायचं. इकडे मी हिराबांच्या चुलीवर भेंडी परतत असायचे.

मग एका वर्षी सर्जा, तुमचा बाप, पागेत कुठे चिकटता येतं का ते बघायला यायचा झाला. जत्रा झाली की निघतो, असा निरोप आला. मी हरखले. यांना म्हटलं, यंदा माझा वाटा येणार. हे म्हणाले, "हिराबांना कळलं तर आपलाच वाटा होईल."

सर्जा यायच्या आदल्या दिवशी तार आली. हे ती पागेतल्या कारकुनाकडून वाचून घेऊन भर दुपारी घरी आले. दारात जोडेही न काढता उभे राहिले. आईला शेतात पान लागलं होतं, सर्पदंश. सर्जा गाव सोडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी. तो पुण्यात आणि मुंबईत ओळखीच्यांकडे थांबत थांबत येत होता आणि तार त्याला वाटेत मागे टाकून पुढे आली होती. आग द्यायला एकुलता एक मुलगा नव्हता, चुलत्यांनी दिली.

दुसऱ्या दिवशी सर्जा आला तो हसतच. उन्हाने लालबुंद, खांद्यावर भाकरीचं गाठोडं, हातात फडक्याने तोंड बांधलेलं मडकं. "आक्का, हे घे आदी, हात भरून आल्यात. मुंबईला खानावळीत उकळी दिली, येकदाबी थर मोडू दिला न्हाई. आई म्हनली, आक्काच्या हातातच दे, आनि तिच्या म्होरं बसून तिला खायाला लाव." मी मडकं घेतलं. हात भरलेले, त्याला जवळही घेता येईना. खाली ठेवावं हे सुचलं नाही. ते मडकं धरूनच मी त्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग मडक्याकडे. म्हणाला, "खोटं. मला वेशीपतूर सोडाया आली हुती."

संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. काय करायला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पोचेपर्यंत राखही सावडून झालेली असणार. त्याला सुतक दहा दिवसांचं, मला लग्न झालेल्या लेकीचं तीन दिवसांचं, यांनाही तेवढंच. सुतकात मटण तोंडाला लावायचं नाही. जाताना सर्जा एवढंच म्हणाला, "आक्का, तीनच दिवस. ऱ्हाईल. तू खा."

आईने तिच्या हाताने केलेलं जगात तेवढंच उरलं होतं. मला दुसरं काही नको होतं. तीन दिवस ते टिकायला हवं होतं, बस्स.

आई असती तर तीन दिवस म्हणजे तिला काहीच नव्हतं. पण रोज उकळी द्यायची तर ते चुलीवर चढवायला हवं. सुतकाच्या घरात मटण चुलीवर चढत नाही आणि हिराबांच्या घरात ते कधीच चढायचं नाही. लाईनीत नेऊन दुसऱ्याच्या चुलीवर ठेवावं, तर सुतकातल्या घरचं भांडं कोण घेणार? आणि वैशाखाच्या तोंडाशी बडोद्यात ऊन असं की आमच्याकडची डोंगरातली बोटभर घट्ट चरबी इथे लोण्यासारखी मऊ पडलेली. मी मडक्यासमोर बसून राहिले. वारा घालत होते, लहान मूल तापलं की घालतात तसा.

हे उठले आणि म्हणाले, "मी बर्फ बघतो." तेव्हा बडोद्यात बर्फ मिळायला लागला होता, पण तो शरबतवाल्यांना, मोठ्या घरच्या पंगतींना, नाहीतर ताप डोक्यात चढलेल्या रोग्याला. हे पोत्यात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेऊन आले, पाठ ओलीचिंब. दाण्याच्या लाकडी पेटीत भुसा पसरला, त्यात बर्फ, बर्फात मडकं, वर पुन्हा बर्फ. हिराबांनी ओटीवरून बघितलं. "ताव कोने आव्यो?" हे पटकन म्हणाले, "हिला." झालं, हिराबा आत आल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि गंभीरपणे मान हलवली. रडून रडून डोकं तापलेलंच होतं. खोटं बोललो असंही म्हणता येईना.

चूल पेटवायची नाही म्हणून सुतकाचं जेवण हिराबांकडून येत होतं. खिचडी, कढी, ताटलीवर ताटली झाकून. दुसऱ्या दिवशी त्या ताटली घेऊन आल्या तेव्हा पेटीतून ओघळ थेट उंबऱ्यापर्यंत आला होता. त्याला वास होता. हळदीचा, खोबऱ्याचा, आणि लपवता न येणारा. हिराबा थांबल्या. "शुं छे एमां?"

आता सामान बाहेर निघणार, हे मी धरून चालले. पण खोटं बोलायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "आईनं पाठवलंय."

"माए मोकल्युं?"

मी मान हलवली. त्यांनी पदर नाकाला लावला, ताटली उंबऱ्याबाहेरच ठेवली आणि गेल्या. त्यानंतर त्या आत आल्या नाहीत. पण संध्याकाळी ताटली आली, दुसऱ्या दिवशीही आली, बाहेरच्या बाहेर. बाहेर व्हा असंही त्या म्हणाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी हे पुन्हा बर्फाला गेले. कुणाच्या तरी लग्नाला सगळ्या लाद्या गेल्या होत्या. हे सगळा बाजार पालथा घालून शरबतवाल्याकडून फडक्यात बांधलेला चुरा घेऊन आले. घरी पोचेपर्यंत त्याचं पाणीच झालेलं. फडकं त्यांनी उलगडून दाखवलं. घोड्यावरून खाली न पडणारा तो माणूस, त्या दिवशी भिंतीला टेकून बसला.

सुतक फिटलं त्या सकाळी आम्ही डोक्यावरून आंघोळी केल्या. मी केस न पुसताच पेटीशी बसले. पेटीत भुशाचा चिखल झाला होता. फडकं सोडलं. चरबीचा थर बर्फाने आक्रसून कडेने सुटला होता आणि मधोमध तडकला होता. त्या चिरेतून बर्फाचं पाणी आत उतरलं होतं. आईने जन्मभर ज्यात थेंब पडू दिला नाही, त्यात. नासका वास येताच हे मागे सरले. मी सरले नाही. मी तरीही हात घातला. यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "अगं, नको. आता ते आईचं नाही राहिलं." मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. इतक्या वर्षांनी सांगते, तो पूर्ण गेलेला नाही, आणि त्या बिचाऱ्यांचा त्यात काय दोष होता?

देवाचा प्रसाद उकिरड्यावर टाकता येईना. हे मडकं घेऊन विश्वामित्रीवर गेले आणि पाण्यात सोडून आले. तिथे मगरी आहेत. मगरीने खाल्लं असेल. कुणाच्या तरी पोटात गेलं, एवढंच मी मनाला सांगत राहिले. रिकाम्या हाताने हे परत आले तेव्हा मी गाठोडं सोडून बसले होते. भाकरी तशाच होत्या, टिचकी मारली की वाजत होत्या. त्यांना बर्फ लागला नव्हता, काहीच लागलं नव्हतं. प्रत्येकीवर आईच्या बोटांचे ठसे. आई भाकरी थापताना करंगळी जरा उचलून धरायची, म्हणून चारच बोटं उमटायची. हिराबांच्या ताकात भिजवून मी त्या खाल्ल्या. ठसे भिजून पसरायचे, मग खायची. एक ठेवून द्यावी असं वाटत होतं. ठेवली. पावसाळ्यात तिला टोके लागले.

सर्जा पुन्हा बडोद्याला आला नाही. तुमच्यापैकी कुणाला त्याने हे सांगितलं असेल असं वाटत नाही. आईच्या पश्चात माझा वाटा कुणी काढत नाही, आणि का काढावा? लेकीचा नसतोच. आई रीतीच्या बाहेर जाऊन काढत होती, ती रीत तिच्याबरोबर गेली. गावी येते तेव्हा तुम्ही मला पाटावर बसवता, पहिली पंगत माझी असते. पाहुणीची असते तशी.

प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात असलेला माझा मुलगा परवा सांगत होता, साहेबाच्या बंगल्यात विजेचं थंड कपाट आलंय. त्यात दूध आठवडाभर नासत नाही आणि शिजवलेलं मटण दगडासारखं गोठतं, हवं तेव्हा काढावं. "आई, पुढेमागे आपणही घेऊ." मी हो म्हटलं. तीन दिवसच हवे होते मला, हे त्याला काय सांगायचं?

इकडे श्रावणात शीतळा सातम असते. त्या दिवशी गुजराती घरांत चूल पेटत नाही, आदल्या दिवशी केलेलं थंड अन्न खायचं, तेच देवीला चालतं. त्या वर्षीच्या सातमीला हिराबा झाकलेली ताटली घेऊन आल्या आणि सुतकानंतर पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आल्या. आत थेपले, वडे, गार दही. म्हणाल्या, "काले ज राख्यो’तो, तारो भाग." काल स्वयंपाक झाला तेव्हाच माझा वाटा काढून ठेवला होता. मग पेटी होती त्या कोपऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आ नहि बगडे." हे नासायचं नाही. मी त्यांच्यापुढे बसून खाल्लं.

हिराबा गेल्या, आम्ही दुसऱ्या घरी राहायला गेलो, पण दर सातमीला त्यांची भाचेसून दोन गल्ल्या ओलांडून माझा भाग आणून देते. येणाऱ्याला मी घर म्हणजे काय ते एवढंच सांगू शकते. आपण समोर नसताना जिथे आपला वाटा काढून झाकला जातो, ते. माझं तसं घर आता बडोद्यात आहे, आणि ते माझ्या आईचं नाही. ताटली हातात आली की मी आजही झाकण आधी जरासंच उचलते, वास घेते, आणि मगच जेवायला बसते.