घासलेला डबा

आमच्या शेजारी ट्रकला जीपीएस बसवणारे एक भाऊ राहतात. जेवताना त्यांना काळ्या हातांचं भान नसतं, पण ते यंत्र उघडायचं असलं की आधी साबणाने हात धुतात. काहीही बोलले की शेवटी म्हणतात, "खोटं असन तर सांगा."

एकोडीचा एक सायकलवाला माझ्या नवऱ्याच्या ट्रकखाली गेला. "मी चाळीसवरच होतो," असं नवरा सगळ्यांना सांगत होता. मेलेल्याच्या बायकोने भरपाईचा दावा लावला, तेव्हा ट्रकमध्ये भाऊंनीच बसवलेल्या यंत्रातला वेग सांगायला कोर्टाने त्यांना बोलावलं. सासूबाईंनी वड्यांचा डबा देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. मी डबा धरून त्यांच्या दारात उभी राहिले.

भाऊंनीच डबा घेतला. "वहिनी, काहून आल्या ते समजलं मले. पण यंत्रात ऐंशीचा स्पीड दिसून राहिला, मी चाळीस कसा सांगू? खोटं असन तर सांगा."

खोटं नव्हतं. मी मान खाली घालून परतले.

कोर्टात त्यांनी ऐंशीच सांगितला. दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन आमच्या दारात आले. डबा लख्ख घासलेला, आत साखर. "रिकामा कसा देऊ जी? वडे मस्त होते."

आतून नवरा ओरडला, "कोण आहे वं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. भाऊ अजून पायरीवरच उभे होते.