मोबाइलनं पास केलेले टेकोडे
श्रावणात सेलूच्या बाजारात टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी, विकायला आले की त्या ओलसर वासानं मला मागची एक सकाळ आठवते. माझ्या मेव्हण्यानं मला न विचारता माझ्या सातवीतल्या पोरीला मोबाइल दिला होता, आणि तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. त्या सकाळी पोरीनं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, टोपलीभर टेकोडे आणले. बायको चुलीवर कांदा परतत होती. टोपलीतले दोन-चार पांढरेफटक टेकोडे मला वेगळेच वाटले. "कोणाले दाखवले?" मी विचारलं. "मोबाइलमधल्या एआयले. फोटो पाहून खायाले चालतात म्हणे." मी टोपली उकिरड्यावर पालथी केली आणि मोबाइल फोडायला दगड उचलला. बायको आडवी आली. "फोडून का होते? बजारात तुमी पहिल्या भावाले कधी हो म्हणता का? तेच शिकवा ना तिले!" मी दगड टाकला आणि पोरीजवळ बसलो. "त्याले उलटून विचार, निसत्या फोटोवरून खात्री देतो का म्हणावं?" तिनं रडत रडत विचारलं. खात्री देता येत नाही, जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय खाऊ नका, असं उत्तर आलं. "पाह्यलं? दुकानदारावाणी एका दमात किती खाली उतरला!" मी म्हणालो, तशी ती हसली. आता ती मोबाइलचं उत्तर घेऊन माझ्याकडे येते. "बाबा, हा असं म्हणून राह्यला. तुमाले पटते का?" पुष्कळदा मलाही ठाऊक नसतं, मग आम्ही दोघं मिळून ठाऊक असलेला माणूस शोधतो.